पाळलेलं कासव नर की मादी, हे नेमकं कसं ओळखायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातल्या एका घरात लाल कानांची (रेड-इअर्ड स्लायडर, डोळ्यामागे लाल पट्टा असलेली) तीन कासवं आहेत. दोन कासवं तीन वर्षांपूर्वी दुकानदाराने ‘जोडी’ म्हणून दिली होती, तिसरं गेल्या वर्षी आणलं. पोटाकडचं कवच मोठ्याचं १४ सेमी, मधल्याचं १० सेमी आणि धाकट्याचं ६ सेमी आहे. मधलं कासव मोठ्याच्या तोंडासमोर येऊन पुढचे पाय ताणतं आणि नखं थरथरवतं. यातला नर कोण, मादी कोण, आणि तिघांना एकाच टाकीत ठेवावं का?

आधी उत्तर देतो, कारणं मागून. मधलं बहुतेक नर आहे, मोठं बहुतेक मादी आहे आणि धाकट्याबद्दल आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. पहिल्या दोघांच्या बाबतीतला ‘बहुतेक’ काढून टाकायचा असेल तर शेपटी पाहावी लागेल. तिघांना कायमचं एका टाकीत ठेवू नका.

लाल कानांच्या कासवात एक गोष्ट नीट लक्षात घेतली की निम्मा गोंधळ मिटतो. नर त्याच्या खुणांवरून ओळखता येतो. मादी मात्र त्या खुणा दिसत नाहीत म्हणून मादी ठरते. मादीची अशी स्वतःची बाहेरून दिसणारी खूण नाही. नराच्या खुणा पोटाकडचं कवच साधारण ८ सेमीच्या पुढे गेल्यावर दिसू लागतात आणि १० सेमीच्या आसपास स्पष्ट होतात. म्हणून ९ सेमीच्या कासवाची नखं लांब असतील तर तो नर, हे लवकर सांगता येतं. पण ९ सेमीच्या कासवाची नखं आखूड असतील तर ती मादीही असू शकते किंवा उशिरा वयात येणारा नरही. मादी म्हणायला १२-१३ सेमीपर्यंत थांबायचं. तोपर्यंत एकही नराची खूण आली नाही, तर मादी समजायला हरकत नाही. दुकानात रुपयाच्या नाण्याएवढी पिल्लं ‘हा नर, ही मादी’ म्हणून विकली जातात, ते निव्वळ अंदाजे बोलणं असतं. ३ सेमीच्या पिल्लात बाहेरून पाहून फरक करता येत नाही, मग दुकानदार कितीही जुना असो.

वय विचारू नका, माप घ्या. चांगलं खाणंपिणं आणि ऊब मिळालेलं कासव दोन वर्षांत १० सेमी होतं, आणि थंड, कोंदट टाकीत सुक्या कोळंबीवर वाढलेलं चार वर्षांतही होत नाही. नराच्या खुणा आकारासोबत येतात, वाढदिवसासोबत नाही.

माप घ्यायची पद्धत सोपी आहे, पण बहुतेक जण टेप पाठीवरून गोल फिरवतात आणि दोन सेंटिमीटर जास्त वाचतात. टेप नको. कासव टेबलावर ठेवा, त्याच्या पोटाच्या कवचाच्या पुढच्या आणि मागच्या टोकाला एकेक सरळ ठोकळा किंवा जाड पुस्तक लावा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर फूटपट्टीने मोजा. पाठीचं कवच पोटाच्या कवचापेक्षा थोडं लांब असल्याने मध्ये येतं, तेव्हा दुसऱ्याने कासव किंचित तिरपं धरलं तर काम सोपं होतं. व्हर्नियर असेल तर उत्तमच. आकडा तारखेसह लिहून ठेवा.

आता शेपटी. माझ्या मते हीच एकटी खूण अशी आहे की जिच्यावर पूर्ण भरवसा ठेवावा; बाकीच्या सगळ्या तिला आधार देणाऱ्या. कासवाची विष्ठा, लघवी, अंडी, सगळं एकाच द्वारातून बाहेर येतं आणि ते द्वार शेपटीच्या खालच्या बाजूला, बारीक उभ्या चिरेसारखं दिसतं. शेपटी सरळ मागे ताणलेली असताना हे द्वार कुठे येतं ते पाहायचं. मादीत ते पोटाच्या कवचाजवळ, पाठीच्या कवचाच्या कडेच्या आत किंवा फार तर कडेवर असतं. नरात ते कडेच्या बाहेर, मागे सरकलेलं असतं. कारण नराच्या शेपटीच्या बुडाशी त्याचं जननेंद्रिय आत घडी घालून बसलेलं असतं. त्याला जागा लागते, म्हणून पोटाच्या कवचापासून द्वारापर्यंतचा शेपटीचा भाग लांब आणि जाड होतो. मादीची शेपटी बुडाशी बारीक असते आणि द्वारानंतर लगेच निमुळती होते. म्हणजे नुसती ‘शेपटी लांब आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे. बुडाची जाडी आणि द्वाराची जागा, या दोन गोष्टी पाहायच्या.

अडचण अशी की हातात घेतलं की कासव शेपटी बाजूला मुडपून कवचाखाली लपवतं आणि मग नराचीसुद्धा आखूड भासते. शेपटी ओढू नका, बोटाने दाबूही नका. बुडाशी इजा झाली तर ती महागात पडते. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे कासवाला हातही न लावणं. पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात त्याच्या कवचाच्या उंचीच्या दीडपट कोमट पाणी भरा, डबा दोन स्टुलांच्या मधोमध टेकवा आणि खालून मोबाइलने व्हिडिओ घ्या. पोहताना शेपटी आपोआप सरळ होते. व्हिडिओ मिनिटभराचा पुरतो. नंतर तो थांबवत थांबवत बघा आणि जिथे शेपटी मागे ताणलेली आहे ते चित्र निवडा. काचेची टाकी उंच स्टँडवर असेल तर बाजूने, थोडं खालून टॉर्च मारूनही दिसतं.

हातात घ्यायचंच असेल तर दोन्ही हातांनी, पुढच्या आणि मागच्या पायांच्या मधल्या जागी, दोन्ही बाजूंनी धरा. मागचे पाय जोराने ओरखडतात आणि पहिल्यांदा धरणारा दचकून हात सोडतो, म्हणून गादी किंवा घडी केलेल्या चादरीवर, जमिनीलगतच धरा. ते मुतेल, हे गृहीत धरा. उताणं अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त धरून ठेवू नका. आणि नंतर साबणाने हात धुवा, स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये कासवाचं काहीही धुवू नका. दिसायला ठणठणीत असलेल्या कासवाच्या अंगावरही साल्मोनेला (माणसाला जुलाब-ताप आणणारा जिवाणू) असू शकतो. अमेरिकेत ४ इंचांपेक्षा लहान कासवं विकायला १९७५ पासून बंदी आहे ती याच कारणाने, लहान मुलं ती तोंडात घालत म्हणून.

दुसरी खूण पुढच्या पायांची नखं. नराच्या पुढच्या पायांवरची मधली तीन नखं लांब, बारीक आणि किंचित वाकलेली होतात. किती लांब म्हणजे लांब? दुसऱ्या कासवाशी तुलना करण्यापेक्षा त्याच कासवाच्या मागच्या नखांशी करा. पुढची नखं मागच्यांच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतील तर नर. पुढची आणि मागची जवळपास सारखी असतील तर मादी, किंवा अजून वयात न आलेलं पिल्लू.

नखांनी फसवलं जातं ते असं. सिमेंटच्या हौदात किंवा खडबडीत फरशीवर राहणाऱ्या नराची नखं झिजतात, एखादं फिल्टरच्या जाळीत अडकून तुटतं. उलट, नुसत्या काचेच्या टाकीत, मऊ प्लॅस्टिकच्या तराफ्यावर बसणाऱ्या मादीची नखं झिजतच नाहीत आणि वाढलेली दिसतात. मात्र तेव्हा मागचीसुद्धा वाढलेली असतात, म्हणून तुलना एकाच अंगावर करायची. लांब नखं कापायची गरज नसते. नराची नखं लांबच असायला हवीत आणि नखात रक्तवाहिनी असते. नेलकटरने खोलवर कापलं तर रक्त सहज थांबत नाही.

नखं थरथरवण्याबद्दल. वयात आलेला नर मादीच्या समोर येतो, मागे मागे पोहत पुढचे दोन्ही पाय तळवे बाहेर करून तिच्या तोंडाजवळ ताणतो आणि नखं झपाट्याने हलवतो. हे प्रणयाराधन आहे आणि तुमच्या मधल्या कासवाचं वर्णन त्याला तंतोतंत जुळतं. पण एवढ्यावरून निकाल देऊ नका. वयात न आलेली पिल्लंही हे करतात, नर दुसऱ्या नरासमोर करतो आणि क्वचित मादीही करते, विशेषतः एका टाकीत गर्दी असली की. लांब नखं, जाड शेपटी आणि थरथर, तिन्ही एकत्र आली तर प्रश्न मिटला. ज्याच्यासमोर नखं थरथरली तो प्राणी मादीच असेल, असं मात्र यातून सिद्ध होत नाही, हे बरेच जण विसरतात.

बाकीच्या खुणा थोडक्यात. आकार: मादी २५ ते ३० सेमीपर्यंत वाढते, नर बहुधा १८-२० सेमीच्या आसपास थांबतो. पण हे पूर्ण वाढ झाल्यावरचं. एकाच दिवशी आणलेल्या दोन पिल्लांतलं मोठं ते मादी, असं नसतं. बहुतेक वेळा दांडगाई करून जास्त खाणारं मोठं होतं. कवचाचा घुमट: मादीचं थोडं उंच, नराचं चपटं, असं म्हणतात आणि ढोबळमानाने ते खरंही आहे. मात्र आपल्याकडच्या घरांत उन्हाअभावी आणि कॅल्शियमअभावी कवच बिघडलेली कासवं इतकी आहेत की ही खूण मी शेवटच्या नंबरावर ठेवेन. पोटाचं कवच खोलगट असणं ही जमिनीवरच्या कासवांची चांगली खूण आहे, तिथे नराला मादीच्या घुमटावर चढावं लागतं. पाण्यातल्या लाल कानांच्या कासवात हा फरक इतका कमी असतो की बोट फिरवून काहीच कळत नाही. डोळ्यांच्या रंगावरून किंवा कानाजवळच्या लाल पट्ट्याच्या जाडीवरून तर काहीच सांगता येत नाही.

रंगाची एकच गोष्ट उपयोगाची आहे. म्हातारे होत चाललेले नर काळवंडतात. हिरवा-पिवळा नक्षीचा रंग जाऊन कवच आणि कातडी काळपट होते, लाल पट्टाही पुसट होतो. हा आजार नाही आणि बुरशीही नाही. घरचे घाबरून पोटॅशियम परमँगनेट, मीठ, हळद असं काय काय लावत बसतात. कवच टणक असेल, वास नसेल, मऊ डाग नसतील आणि खाणं चालू असेल, तर त्याला तसंच राहू द्या.

पोपट पाळणारे विचारतात की पक्ष्याच्या पिसावरून डीएनए तपासणी होते, तशी कासवाची का होत नाही. लाल कानांच्या कासवात नर-मादी ठरवणारी गुणसूत्रंच नसतात. ते ठरतं अंड्याच्या उबेवर. अंडी उबण्याच्या मधल्या काळात तापमान २६ अंशांच्या आसपास राहिलं तर नर निपजतात, ३१ च्या आसपास राहिलं तर माद्या, आणि २९ च्या जरा पुढे दोन्ही मिसळून. म्हणजे पिल्लू दुकानात येण्याच्या कितीतरी आधी सगळं ठरून गेलेलं असतं. तुमच्या टाकीतल्या पाण्याच्या तापमानाने ते बदलत नाही. आणि रक्तातल्या डीएनएत ते लिहिलेलंही नसतं.

लहान कासवाचं खरोखरच जाणून घ्यायचं असेल तर पशुवैद्यक भूल देऊन बारीक दुर्बिणीने आतले अवयव पाहू शकतात. पाळीव कासवासाठी एवढा खटाटोप करावा असं मला वाटत नाही. काही महिने थांबलं की फुकटात कळतं. मोठ्या मादीच्या बाबतीत सोनोग्राफीत अंडाशयातल्या पुटिका दिसतात आणि एक्स-रेत कवच धरलेली अंडी दिसतात. एक्स-रेत अंडं दिसलं की मग वाद उरत नाही. नागपूरकरांना सेमिनरी हिल्सवरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. कुठेही जा, पण जाण्याआधी फोन करून तिथे कासव पाहणारे डॉक्टर आहेत का हे विचारा. कुत्र्या-मांजरांच्या प्रत्येक दवाखान्यात तो अनुभव असतोच असं नाही. डॉक्टरांना फोटो पाठवायचे तर चार पुरतात: उताण्या अंगाचा सरळ वरून, शेपटी ताणलेली असतानाचा, पुढची आणि मागची नखं एकाच चौकटीत, आणि पाठीचा, शेजारी फूटपट्टी ठेवून.

इथे एक गोष्ट मध्येच सांगायला हवी. वर लिहिलेलं सगळं लाल कानांच्या आणि त्याच्या पिवळ्या पोटाच्या भावंडाबद्दल आहे. डोळ्यामागे लाल (पिवळ्या पोटाच्याला पिवळा) पट्टा आहे ना, हे आधी बघा. मऊ, चामड्यासारख्या कवचाचं आणि मागचे पाय आत घेतल्यावर खालून झडपा बंद करणारं कासव असेल, तर ते आपल्या विदर्भातल्या तळ्याबोड्यांत सापडणारं देशी कासव आहे. पिवळ्या रेषांच्या चांदण्या असलेलं उंच पाठीचं असेल तर ते तारा कासव. ही देशी कासवं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. हे मऊ पाठीचं कासव पहिल्या अनुसूचीत (सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत) आहेच, ताऱ्यालाही २०२२ च्या दुरुस्तीने त्यात टाकलं आहे. घरात ठेवणं हा गुन्हा आहे, मग ते वास्तूसाठी आणलेलं असो की शेतात सापडलेलं. त्याचं नर-मादी बघत बसू नका. वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनला कळवा किंवा सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरला (वन्यप्राण्यांच्या उपचार केंद्राला) द्या.

आता नर-मादी कळून उपयोग काय? नाव ठेवण्यापुरता हा प्रश्न असता तर एवढं लिहायची गरज नव्हती. खरं कारण मादी आहे. मादी वयात आली की नर सोबत नसला तरी अंडी धरते. साधारण १५ सेमीच्या पुढे कधीही हे सुरू होऊ शकतं, आणि तुमचं मोठं कासव १४ सेमीवर आहे. म्हणजे तयारी आत्ता करायची. एका वेळी पाच-सहापासून वीसपर्यंत अंडी असतात, पांढरी, लांबट. नर नसताना घातलेली अंडी फलित नसतात, पण ती अंगातून बाहेर पडणं तितकंच गरजेचं असतं. मातीची जागा मिळाली नाही तर मादी ती रोखून धरते आणि अंडी अडकतात. पाळलेल्या माद्या दगावण्याचं हे एक टाळता येण्यासारखं कारण आहे, आणि घरच्यांना ‘आमचा तो नर आहे’ असं वाटत असल्याने ते लक्षातच येत नाही.

लक्षणं अशी. आठवडाभर खाणं कमी होतं. टाकीच्या कोपऱ्यात उभं राहून सतत बाहेर पडायची धडपड चालते. बसायच्या तराफ्यावर मागच्या पायांनी, आळीपाळीने, खणल्याची हालचाल करते. मागच्या पायांनी खणणं हे लक्षात ठेवा. पुढच्या पायांनी काच ओरबाडणं हे नेहमीचं खायला मागणं असू शकतं.

तिच्यासाठी मोठा टब घ्या, तिच्या लांबीच्या निदान चौपट लांब. त्यात वाळू आणि साधी माती निम्मी-निम्मी मिसळून २० ते २५ सेमी थर द्या. खतमाती, शेणखत, कीटकनाशक मारलेल्या कुंडीची माती नको. ओल किती? मूठभर माती दाबली तर गोळा व्हावा आणि हात ओला होऊ नये. कोरडी वाळू असेल तर खड्डा ढासळतो आणि मादी चार वेळा खणून सोडून देते. इथेच बहुतेकांचं बिनसतं. माती कोमट हवी, २८ ते ३० अंश. नागपुरात ती मार्च आणि ऑक्टोबरमध्ये सावलीतल्या बाल्कनीत आपोआप तशी होते. डिसेंबर-जानेवारीत वर बल्ब लावावा लागेल. एप्रिल ते जूनमध्ये टब गच्चीवर तर नकोच, सकाळी सात-आठच्या आत किंवा घरातच ठेवा. नवतप्यात (मे अखेरच्या सर्वांत तापलेल्या नऊ दिवसांत) उघड्यावरची माती तासाभरात भाजणारी होते आणि टबातून कासवाला पळायला जागा नसते. टब कापडाने तीन बाजूंनी झाका, तिला आत ठेवा आणि तीन-चार तास तिथून निघून जा. कोणी पाहत असलं तर ती घालत नाही. नाही घातली तर पाण्यात परत ठेवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

चार-पाच दिवस धडपड करूनही अंडी आली नाहीत, किंवा धडपड अचानक थांबून ती मलूल झाली, डोळे आत गेले, मागचे पाय ओढू लागली, जोर करताना द्वारातून रक्त किंवा गुलाबी मांस दिसलं, तर त्याच दिवशी एक्स-रे. डॉक्टर कॅल्शियम आणि कळा आणणारं इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन घरी, ओळखीच्या कंपाउंडरकडून कधीही देऊ नका; अंडं अडकण्याचं कारण वेडंवाकडं अंडं किंवा बारीक वाट असेल तर आत फाटतं.

हे टाळण्याचा पाया कॅल्शियम आहे. डब्यातली सुकी कोळंबी हे जेवण नाही. गोळ्यांचं चांगलं खाद्य, पालेभाज्या, शेवाळ किंवा टाकीत तरंगणारी पाणवनस्पती आणि पाण्यात एक समुद्रफेसाचा (कटलफिशच्या हाडाचा) तुकडा कायम ठेवा. तो काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो, फक्त त्याची टणक पाठ सोलून टाका. आणि रोज थेट ऊन किंवा यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा. खिडकीच्या काचेतून आलेल्या उन्हाचा यासाठी उपयोग नाही, काच ते किरण अडवते.

पाण्यात घातलेली अंडी लगेच काढा, नाहीतर फुटून पाणी सडतं किंवा कासवंच ती खातात. नर सोबत राहिला असेल तर अंडी फलित असू शकतात, आणि मादी वीर्य अंगात साठवून ठेवत असल्याने नर वेगळा केल्यावर काही महिन्यांनी घातलेलीसुद्धा. उबवायला ठेवू नका. अंडी घातल्या दिवशीच फ्रीझरमध्ये ठेवून नंतर पुरा. वीस पिल्लांना वीस वर्षं सांभाळणारी घरं नागपुरात मिळत नाहीत.

नराच्या बाजूने माहीत असायला हवी अशी एकच मोठी गोष्ट. कधीकधी पाण्यात किंवा हातात धरल्यावर त्याच्या द्वारातून जांभळट-काळं, फुलासारखं पसरट काहीतरी बाहेर येतं. ते आतडं नाही, त्याचं जननेंद्रिय आहे, आणि काही मिनिटांत आत जातं. एकदा हे दिसलं की तो नर, आणखी पुरावा नको. पण तासाभरात आत गेलं नाही, सुजलं, सुकू लागलं किंवा दुसरं कासव त्याला चावायला लागलं तर त्याला ताबडतोब वेगळं करा. स्वच्छ उथळ पाण्यात ठेवा, त्या भागावर साखरेचा घट्ट पाक थंड करून लावा, त्याने सूज ओसरते, आणि ओलसर ठेवून दवाखान्यात न्या. बोटाने आत ढकलू नका. फार खराब झालं तर डॉक्टर तो भाग काढतात. कासवाची लघवी त्यातून जात नसल्याने तो नंतर नीट जगतो, फक्त प्रजननाला उपयोगी राहत नाही. बाहेर आलेलं गुलाबी किंवा लाल, नळीसारखं असेल तर मात्र तो वेगळाच आणि जास्त गंभीर प्रकार, नर असो की मादी. तेव्हा वाट पाहू नका.

तुमच्या तिघांचं आता. मधला नर आहे असं धरून चाललो तर तो यापुढे मोठीच्या मागे लागणार, मानेला आणि पायांना चावे घेणार, तिला ऊन खायला वर चढू देणार नाही. मादी सतत पाण्यात बसून राहते आणि खाणं सोडते, ते यामुळे. धाकट्याला दोघंही चावतील, शेपटीचं टोक आधी जातं. कासवांना एकटं वाटत नाही. जोडी हवी ही आपली कल्पना आहे, त्यांची नाही. टाकीचा हिशोब दर सेंटिमीटर कवचामागे साधारण १५ लिटर पाणी असा धरा: पूर्ण वाढलेल्या मादीला ४०० लिटरच्या आसपास, नराला ३०० च्या आत. एवढी काच परवडत नसेल तर काळी प्लॅस्टिकची पाण्याची टाकी आडवी कापून हौद करणं स्वस्त पडतं. तो घराच्या आत, सावलीत ठेवा. बाल्कनीत मे महिन्यात पाणी सहज ३५ अंशांवर जातं, आणि हिवाळ्यात रात्री इतकं थंड होतं की हीटर नसलेली कासवं खाणं बंद करतात. पाणी २४ ते २६ अंशांवर ठेवायचं.

जागा नाही म्हणून कोणतंही कासव फुटाळा, अंबाझरी किंवा गांधीसागर तलावात सोडू नका. लाल कानांचं कासव मूळचं अमेरिकेतल्या मिसिसिपी खोऱ्यातलं; जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० परक्या प्रजातींच्या यादीत ते आहे. आपल्या तळ्यांतल्या देशी कासवांची ऊन खायची जागा, अंडी घालायची जागा आणि खाणं ते बळकावतं. सोडायची वेळ मादीवरच जास्त येते, कारण तीच मोठी होते. म्हणून ती मादी आहे हे आधी कळणं गरजेचं.

या आठवड्यात तिघांचा खालून व्हिडिओ घ्या. मधल्याचं द्वार कडेच्या बाहेर दिसलं तर त्याला लगेच वेगळा करा. मोठीचं आत दिसलं तर मातीचा टब तयार ठेवा. धाकट्याचं माप दर तीन महिन्यांनी घ्या. ८ सेमी ओलांडलं की पुढच्या नखांकडे लक्ष द्या, आणि १३ सेमीपर्यंत काहीच दिसलं नाही तर दुसऱ्या मादीसाठीही तीच सगळी सोय धरून चला.